टाकणे, ठेवणे आणि सोपवणे

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी खेड शिवापूर आणि चेलाडी मागे टाकून कापूरहोळच्या फाट्यावर येतो. येथून डाव्या हाताचा रस्ता नारायणपूरमार्गे सासवडला जातो आणि उजव्या हाताचा भोरला. काही वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही या फाट्यावर चहासाठी थांबलो होतो. गाडीत मागच्या बाजूला आमची मावशी बसली होती. तिच्या मांडीवर तिची जुनी पिशवी होती आणि पिशवीत तिने स्वतः भरलेल्या वस्तू होत्या : दोन खडू, एक जपमाळ आणि चष्म्याचे रिकामे घर.

‘‘आपण कुठं चाललोय रे?’’ तिने विचारले.

‘‘पाचगणीला. तुझी शाळा बघायला.’’

तिचा चेहरा उजळला. चहा तिने मोठ्या समाधानाने घेतला. आम्ही मात्र कप हातात धरून रस्त्याकडे पाहत राहिलो. आम्ही पाचगणीला निघालो नव्हतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका निवासात तिला पोहोचवावयास निघालो होतो. आमच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विश्वासघात आपण करीत आहोत, असे त्या वेळी मनात आले होते. तो खरोखरच विश्वासघात होता काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यासोबत आहे. असाच प्रश्न आज अनेक घरांत दाराआड चर्चिला जातो, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

आमची आई आम्ही लहान असतानाच देवाघरी गेली. मावशी अविवाहित होती आणि शिक्षिका होती. तिने आम्हां भावंडांना आपल्या पदराखाली घेतले, वाढवले, शिकवले, मार्गी लावले. निवृत्तीनंतर ती आमच्याच घरी राहिली. एके दिवशी शेजारच्या एका वृद्धेला मुलांनी आश्रमात नेल्याची वार्ता आली, तेव्हा मावशी आम्हांला म्हणाली, ‘‘मला असं कुठं टाकू नकोस हं.’’ आम्ही हसून वचन दिले. अशी वचने हसतच दिली जातात. त्यांचे ओझे पुढे कळते.

मग आजार आला. आधी ताजे विसरणे, मग नावे विसरणे, मग घराची वाट विसरणे. सूर्य कलला की तिची तगमग सुरू होई. शाळा सुटली, मुले एकटी आहेत, आपल्याला गेले पाहिजे, असे ती म्हणे आणि दाराकडे धावे. रात्री गॅस सुरू करून ठेवी. दोनदा पहाटेच्या अंधारात ती रस्त्यावर निघून गेली. चार वर्षे घराने हे सोसले. आणि ‘घराने’ हा शब्द फसवा आहे, हे येथेच कबूल केले पाहिजे. सोसले ते मुख्यतः आमच्या पत्नीने. तिची नोकरी सुटली, झोप गेली, पाठ गेली. ओले अंथरूण बदलणारे हात तिचे होते आणि ‘मावशी घरीच राहील’ असा निर्णय उच्चारणारे तोंड आमचे होते. कर्तव्याचा उच्चार एकाने करावा आणि त्याचे पालन दुसऱ्याने करावे, ही आपल्या कुटुंबव्यवस्थेची जुनी रीत आहे. ज्या रात्री पत्नी न्हाणीघराच्या दाराशी बसून रडली, त्या रात्री या रीतीची आम्हांला प्रथम लाज वाटली.

या व्याधीला आपल्या भाषेत धड नावही नव्हते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हसलो, ‘म्हातारचळ’ म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भारदस्त खरा, परंतु गीतेत तो क्रोधापासून सर्वनाशापर्यंतच्या साखळीतील एक दुवा म्हणून येतो. तेथे तो माणसाच्या अविवेकाचे फळ आहे. हा आजार मात्र कोणाच्या पापाचे फळ नव्हे. तो मेंदूच्या पेशींचा क्षय आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात एका रेल्वे कारकुनाने आपल्या एक्कावन्न वर्षांच्या पत्नीला दाखल केले. आल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी तिच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेवली, १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू तपासला, आणि पुढे या व्याधीच्या एका मुख्य प्रकाराला त्यांचे नाव मिळाले. या आजाराच्या इतिहासातील पहिली रुग्णच मुळी घरी सांभाळणे अशक्य झाल्यामुळे संस्थेत आलेली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. आपल्या देशात साठीपलीकडील माणसांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना, स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक आहे. तेव्हा ‘हे शहरी लोकांचे दुखणे’ ही समजूतही सोडून द्यावयास हवी.

मराठी मनाला वृद्धाश्रम हा शब्द सरळ ऐकूच येत नाही. तो आरोप म्हणून ऐकू येतो. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ने मुलांच्या घरात परक्या झालेल्या आईबापांचे दुःख आपल्या अंतःकरणावर कोरून ठेवले. ते दुःख खरे होते आणि आजही आहे. परंतु त्या नाटकातील म्हातारा आपले दुःख स्वतः बोलू शकत होता. अपमान कोणता आणि प्रेम कोणते, हे त्याला समजत होते. ज्याला मुलगा मुलगा म्हणून ओळखू येत नाही आणि स्वतःचे घर घर म्हणून ओळखू येत नाही, त्याचा प्रश्न निराळा आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावून चालणार नाही.

आपण या बाबतीत कोणती क्रियापदे वापरतो, ते पाहावे. लोक म्हणतात, ‘आईला आश्रमात टाकले.’ जरा सौम्य बोलणारे म्हणतात, ‘ठेवले.’ टाकली जाते ती निरुपयोगी वस्तू. ठेवली जाते ती सध्या नको असलेली वस्तू. तिसरे एक क्रियापद आपल्या भाषेत आहे, ते या संदर्भात फारसे कोणी वापरत नाही : सोपवणे. सोपवली जाते ती मोलाची ठेव. टाकणारा मागे वळून पाहत नाही. ठेवणारा गरज पडली तर येतो. सोपवणाऱ्याची जबाबदारी मात्र सोपवल्याने संपत नाही. ज्याच्या हाती सोपवले त्याच्याशी तो जन्माचा बांधला जातो.

कापूरहोळच्याच फाट्यावर हा विचार सुचावा, याला एक कारण आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. महाराणी सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती. बाळाला पुरेसे दूध मिळेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ दूधआई म्हणून गडावर आली. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले, तेव्हा राजे अवघ्या सव्वादोन वर्षांचे होते. स्वराज्याचा वारस एका पाटलाच्या घरातील स्त्रीच्या दुधावर वाढला, आणि जिजाऊंसारखी आजी त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होती. धाराऊचे पुत्र पुढे संभाजीराजांच्या सेवेत राहिले. जिच्या अंगी बाळाला पाजण्याचे बळ उरले नव्हते त्या आईने बाळ दुसरीच्या पदराखाली दिले, म्हणून सईबाईंनी लेकराला टाकले असे आजवर कोणी म्हटले आहे काय? उलट धाराऊचे नाव साडेतीन शतकांनंतरही आपण आदराने घेतो.

आम्हां भावंडांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. आईने अंथरुणावरून आम्हांला बहिणीच्या हाती दिले. आपल्याला टाकले असे आम्हांला कधी वाटले नाही. आयुष्याच्या आरंभी परका हात आपण कृतज्ञतेने स्वीकारतो. आयुष्याच्या अखेरीस मात्र तोच हात म्हणजे कुटुंबाची नाचक्की, असे का मानावे?

आम्ही ख्रिस्ती माणसे आहोत, तेव्हा क्रूसाखालील तो प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. प्रभू येशूने प्राण सोडण्यापूर्वी आपल्या मातेला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी घेतले, असे योहान सांगतो. एकुलता एक पुत्र, आणि हात खिळलेले. ज्याला स्वतः सांभाळता येत नाही त्याने सांभाळणारा शोधून द्यावा, हेही मातृऋण फेडणेच आहे. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की बेन सिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घ्या, त्याची अवहेलना करू नका, असे स्पष्ट बजावतो. म्हातारपणातील बुद्धिक्षयाचा असा थेट विचार त्या प्राचीन ज्ञान्याने केला होता. मान राखण्याची आज्ञा सर्वांनाच आहे. तो कोणत्या छपराखाली राखावा, हे मात्र त्याने सांगितलेले नाही.

आता वचनाचा विचार करू. ‘तुम्ही शब्द दिला होता,’ असे आमच्या एका नातलगाने आम्हांला सुनावले. खरे आहे. परंतु मावशीने कोणता शब्द घेतला होता? ‘कुठं टाकू नकोस’ असे ती म्हणाली होती. तिला भय होते ते अनाथ होण्याचे, कोणाच्याही खिजगणतीत नसण्याचे. घरात राहूनही माणूस टाकलेला असू शकतो. मागच्या खोलीला बाहेरून कडी, दोन वेळचे ताट आत सरकवलेले आणि पाहुणे आले की ‘आजी झोपल्यात’ एवढेच उत्तर, अशी घरे आपण पाहिलेली आहेत. वचनाचे अक्षर तेथे पाळले गेले होते, अर्थ मात्र पाळला गेला नव्हता. अर्थ पाळण्यासाठी अक्षर मोडावे लागले तर मोडावे, असे आमचे मत आहे. मात्र या पळवाटेत धोका आहे, हेही आम्ही जाणतो. ‘तिला नेमके हेच हवे असते’ हे वाक्य आपल्या सोयीसाठी किती सहज उच्चारता येते! म्हणून ज्याने वचन मोडले त्याने वचनाच्या अर्थाचा हिशेब अखेरपर्यंत देत राहिले पाहिजे.

तो हिशेब कसा द्यावा? कोणी म्हणेल, धाराऊचे उदाहरण गोड आहे, परंतु आजचे निवास म्हणजे पैशाचा व्यवहार. आक्षेप रास्त आहे. परंतु पैसा घेतला म्हणून सेवा खोटी ठरत नाही. शिक्षक पगार घेतो, परिचारिका पगार घेते. पैसे भरून आपण मोकळे झालो, असे मानणे तेवढे खोटे आहे. आम्ही निवास पाहावयास गेलो तेव्हा बागेकडे आणि फरश्यांकडे पाहिले. खरे तर विचारावयास हवे होते ते निराळेच. रात्री किती माणसे जागी असतात? अस्वस्थ रुग्णाला बांधून ठेवतात की कोणी सोबत फिरते? नातलगांना केव्हाही, न कळवता येता येते काय? रुग्णाला त्याच्या नावाने हाक मारतात की खोलीच्या क्रमांकाने? घरची गोधडी, घरचे फोटो सोबत आणू देतात काय? नव्या जागी असे रुग्ण पहिले काही आठवडे अधिकच गोंधळतात. ओळखीची एखादी वस्तू तेव्हा मोठा आधार होते.

आणि शेवटचा प्रश्न : जी बाई हे सारे करते, तिला काय मिळते? अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईला सगळे ‘मावशी’ म्हणतात. आमच्या मावशीला न्हाऊ घालणारीही मावशीच. आजूबाजूच्या खेड्यातून ती पहाटे येते. तिच्याही घरी कोणी म्हातारे माणूस असेल, आणि ते त्या वेळी एकटे असेल. तिच्या स्वस्त श्रमावर आपल्या कर्तव्याची इमारत उभी करून आपण कृतज्ञतेचे दोन शब्दही बोलणार नसू, तर धाराऊचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

येथे संत जान ज्युगां यांचे स्मरण होते. १८३९ सालच्या हिवाळ्यात फ्रान्समधील सेंट सर्वां या गावी या गरीब मोलकरणीने एका अंध, अर्धांगाने लुळ्या वृद्धेला आपल्या घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यातून गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभा राहिला. १८८२ साली तो कोलकात्यात आला, आणि मुंबईत अंधेरीच्या महाकाली गुंफा मार्गावर त्यांचा वृद्धनिवास आहे. परंतु ज्युगांबाईंच्या आयुष्यातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. संघाची सूत्रे त्यांच्या हातून काढून घेण्यात आली. आयुष्याची अखेरची सत्तावीस वर्षे त्या एका मठात अज्ञात राहिल्या. सोबतच्या तरुण भगिनींना या वृद्धा संस्थापिका आहेत हे ठाऊकही नव्हते. १८७९ साली त्या वारल्या आणि २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. विसरल्या गेलेल्यांची सेवा करणारी स्त्री स्वतःच विसरली गेली. म्हणून तिच्या जीवनाचे मोल कमी झाले काय? माणसाची प्रतिष्ठा त्याला काय आठवते यावर उभी नाही, आणि त्याला कोण आठवते यावरही नाही.

आपला कायदाही या प्रश्नाच्या उंबरठ्यावर थबकतो. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिकांच्या अधिनियमाने वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले. टाकणाऱ्याला शिक्षा झाली, हे योग्यच. पण ज्याला सांभाळायचे आहे आणि झेपत नाही, त्याने कोठे जावे? बऱ्याच वृद्धाश्रमांची पहिली अट असते की माणूस स्वतःची कामे स्वतः करणारा असावा. म्हणजे ज्याला निवाऱ्याची सर्वाधिक गरज, त्यालाच दार बंद. जेथे दार उघडते तेथील मासिक खर्च सामान्य पगारदाराचे कंबरडे मोडतो. आमची नैतिक घालमेलसुद्धा ज्यांना परवडते त्यांचीच आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील वाडीवर, मुले पुण्याला गेल्यानंतर, म्हातारीला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यापुढे असा कोणताही पर्याय नाही.

आता त्या असत्याकडे परत येतो. ‘पाचगणीला चाललोय’ असे आम्ही का म्हणालो? संत ऑगस्टीन यांनी कोणत्याही हेतूने बोललेले असत्य निर्दोष मानले नाही. त्यांची ही कठोरता स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ राहिलेल्या माणसाला पेलणारी नाही, असे आम्हांला पूर्वी वाटे. मावशी ‘आई कुठाय?’ असे विचारी. आई वारली असे सांगितले की तिला ती वार्ता प्रत्येक वेळी नवी असे आणि ती प्रत्येक वेळी नव्याने रडे. पुढे आमच्या पत्नीने वाट काढली. ती म्हणे, ‘‘आईची आठवण येतेय का? कशी होती तुमची आई?’’ आणि मावशी सांगत बसे. यात असत्य नव्हते आणि क्रौर्यही नव्हते. तिच्या काळात शिरून तिच्याशी बोलणे वेगळे आणि तिला फसवणे वेगळे. कापूरहोळला आम्ही जे बोललो ते तिच्या दुःखाच्या भीतीने नव्हे, तर तिने नकार दिला तर आपल्या मनाची काय अवस्था होईल या भीतीने. ‘‘मावशी, आम्हांला आता झेपत नाही. जिथे तुझी नीट काळजी घेतील तिथे तुला नेतोय. दर रविवारी येईन,’’ एवढे सांगावयास हवे होते. दहा मिनिटांत ती विसरली असती. परंतु तिला सत्य सांगण्याजोगी व्यक्ती मानले, एवढे तरी आमच्या पदरी राहिले असते. पुनरुत्थित प्रभू पेत्राला सांगतो की म्हातारपणी दुसराच कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल. तो ‘दुसरा’ होण्याची पाळी आपल्यावर येते, तेव्हा निदान त्याने खाली मान न घालता खरे बोलावे.

‘तिला आठवतच नाही, मग भेटून काय उपयोग?’ असे पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी आल्झायमरच्या रुग्णांना आनंदी व दुःखी चित्रफिती दाखवल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की काय पाहिले ते रुग्ण लवकरच विसरले, परंतु त्यातून उमटलेली भावना त्यानंतरही टिकून राहिली. म्हणजे आपली भेट पुसली जाते, भेटीचा ओलावा मात्र मागे राहतो. याच्या उलटही खरे आहे. कोणी खेकसल्याचे रुग्ण विसरतो, पण खिन्न राहतो. ज्याला उद्या काही सांगता येणार नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, ही आपल्या सज्जनपणाची सर्वांत कडक परीक्षा होय.

आमची एक विनंती आहे. आपल्या धर्मग्रामात कोणाच्या घरी असा रुग्ण आहे, याची विचारपूस व्हावी. आठवड्यातून दोन तास कोणी त्याच्याजवळ बसले, तर त्या घरातील सुनेला झोप मिळेल. ज्यांची माणसे निवासात आहेत त्यांना चर्चच्या आवारात ‘टाकलं वाटतं’ या शब्दांनी नव्हे, तर ‘रविवारी आम्हीही येतो’ या शब्दांनी भेटावे.

मावशी त्या निवासात तीन वर्षे राहिली. पहिल्या महिन्यात ती दाराशी उभी राहून रडे. पुढे ती रोज सकाळी व्हरांड्यात बसलेल्यांची हजेरी घेऊ लागली, आणि तेथील मावशी सर्वांच्या वतीने ‘हजर’ म्हणू लागली. एका रविवारी आम्ही समोर जाऊन बसलो. तिने आम्हांला निरखून पाहिले. आयुष्यभर आम्हांला ‘अरे’ म्हणणारी ती अत्यंत अदबीने म्हणाली, ‘‘आपण कुणाचे पालक?’’

क्षणभर घशात काही अडकले. मग आम्ही उत्तर दिले, ‘‘बाई, आपलाच.’’

तिने समाधानाने मान डोलावली आणि पिशवीतला एक खडू काढून आमच्या हातावर ठेवला.